माझूर आणि दगडावरची रिकामी जागा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःचे तोंडही नाही. मी एक जुने आडनाव आहे. माझूर.

पोलंडमध्ये माझोव्शे नावाचा रेताड मुलूख आहे. तिथल्या लोकांना माझूर म्हणतात. पण जिथे सगळेच माझूर, तिथे त्या नावाने कोण कुणाला हाक मारणार? त्यांच्यातला एकजण पोटासाठी दक्षिणेकडच्या एका खेड्यात आला. "तो बघा, माझूर आला!" गाव म्हणाले. पुढे पाद्रीबाबांनी त्याच्या लेकराच्या बाप्तिस्म्याच्या वेळी वहीत तेच लिहिले, आणि मी आडनाव झालो.

टोमणाही माझ्याबरोबरच आला. माझूर म्हणे कुत्र्याच्या पिल्लांसारखे जन्मतात, नऊ दिवस डोळे मिटलेले! म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आम्ही 'आंधळे माझूर'.

शेवटी गावात एकटा विन्सेंटी माझूर उरला. बायको आपोलोनिया गेली, तेव्हा त्याने तिकडच्या रीतीप्रमाणे दोघांच्या थडग्यासाठी एकच दगड घडवून घेतला. तिच्या नावाशेजारी स्वतःचे नाव, जन्मसाल, मग एक रेघ आणि पुढे मृत्यूसालासाठी रिकामी जागा.

"आंधळ्या माझुरा, मरायची एवढी घाई?" शेजारीण स्टेफा म्हणाली.

"जागा धरून ठेवलीय, बाई. नाहीतर तूच घुसशील मध्ये!"

मग तो अंगणात घसरून पडला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. लेक योलांता त्याला आपल्या घरी, जर्मनीला घेऊन गेली. तिथे सगळे मला अदबीने उच्चारत, 'श्रीयुत माझूर'. त्याला मात्र ते परके वाटे.

"योला, तुझी आई वाट बघतेय. मला घरी ने गं."

"थंडी सरू दे, बाबा. मग जाऊ."

थंडी सरली, तेव्हा तिला सुट्टी मिळेना. उन्हाळ्यात तो तिथेच वारला. "इथे मला दर रविवारी फुलं तरी वाहता येतील," असे रडत म्हणून तिने त्याला तिथेच पुरले. तिची माया खोटी नव्हती. मी त्याच्या कागदांवर होतो, शवपेटीवर होतो. पण "नको, त्याला घरी ने" एवढे मला म्हणता आले नाही. फार वाईट वाटले.

नोव्हेंबरात सर्व संतांच्या दिवशी तिकडे थडग्यांवर दिवे लावतात. त्या दिवशी गावात स्टेफाने आमचा दगड घासला. दोन दिवे लावले. दगडावरच्या नावाकडे बघून ती पुटपुटली, "आंधळ्या माझुरा, वाट चुकलास ना शेवटी?"

मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस कुठे जायचे म्हणते, ते वेळेवर ऐका. रेघेपुढची जागा आडनावाला स्वतःहून भरता येत नाही.