दोन्ही वायरी

हैदराबादेत देवीच्या बोनालू सणाचा रविवार होता. बँका बंद, रस्तोरस्ती ढोल, आणि नानकरामगुड्याच्या त्या डेटा सेंटरमध्ये चिटपाखरू नव्हतं. स्वरूपाने मुद्दाम हाच दिवस मागून घेतला होता. एका सहकारी बँकेचा नवा सर्व्हर उभा करून द्यायचा होता, आणि बँकेची माणसं दुसऱ्या दिवशी त्यावर खाती चढवणार होती.

सकाळपासून ती एकेक घडी बसवत होती. मेमरीच्या एका भागात दुसऱ्याची नक्कल राहील असं केलं. वीज जाऊन परत आली तर यंत्राने आपणहून उठावं, हे ठरवून दिलं. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. आता राहिलं होतं फक्त फर्मवेअर. यंत्राला जाग येताना आपण कोण, आपल्या अंगात काय काय आहे, हे ज्यातून कळतं ती त्याची मुळाक्षरं. जुनी पुसायची, नवी लिहायची. जुनी पुसून झाली आणि नवी अर्धीच लिहून झाली असताना वीज तुटली, तर एवढ्या महागाच्या यंत्राची निकामी वीट होते. पडद्यावर तांबड्या अक्षरांत तसं बजावलंही होतं.

लिहिणं सुरू झालं तसे सर्व्हरचे पंखे पूर्ण जोराने फिरू लागले. त्या घोंगावण्यात मागे कोणी येऊन उभं राहिलंय हे तिला कळलंच नाही.

"सणाच्या दिवशीही नवऱ्यापेक्षा हे खोकं प्यारं?"

तिरुमलेश. तिच्या सख्ख्या मामाचा मुलगा, आता नवरा. परकर नेसायच्या वयापासून ती त्याला बावा म्हणत आली होती आणि लग्नानंतरही तेच तोंडात राहिलं होतं. याच इमारतीत तो बॅटऱ्यांचं काम बघायचा, त्यामुळे दारावर त्याला कोणी अडवत नसे.

"बावा, तू इथे कशाला? तुझ्या बॅटऱ्या खाली आहेत."

"बायको कुठल्या मजल्यावर आहे ते बघायला आलो."

"काम संपू दे. मग बोलू."

"अम्मा डोक्यावर बोनमचं, देवीच्या नैवेद्याचं मडकं घेऊन निघाली सकाळी. गल्लीतल्या बायका विचारतात, सून कुठाय? काय सांगायचं तिने? सून पोरींच्या हॉस्टेलात जाऊन बसलीय?"

"खरं सांगायचं. पाठ भाजलीय, म्हणून आली नाही."

मागच्या आठवड्यात उकळत्या चारूचं, चिंचेच्या साराचं पातेलं त्याने तिच्या पाठीवर उपडं केलं होतं. कारण काय, तर तिची बढती झाल्याचं तिने आधी त्याला न सांगता आईला फोनवर सांगितलं. अजूनही कुर्ता फोडांना चिकटत होता.

त्याने कानशिलात भडकावली. ती रॅकच्या जाळीदार दारावर आपटली आणि भुवई फुटली. सावरायच्या आतच त्याने वेणी मनगटाला गुंडाळून तिचं डोकं पुन्हा त्याच दारावर हाणलं. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडात रक्ताची खारट चव आली. तो एका लयीत मारत होता, घरी मारायचा तसाच, दात-ओठ न खाता, भिंतीत खिळा ठोकावा तसा.

"चल घरी. चालतेस की नाही?"

तिची नजर पडद्यावर होती. अक्षरं अजून लिहिली जात होती. तिची नजर कुठे आहे ते त्याने पाहिलं आणि तिचे केस सोडले. वीज हा तर त्याचाच धंदा. रॅकला वळसा घालून तो मागे गेला आणि त्याने सर्व्हरला वीज देणाऱ्या दोन्ही वायरी मुठीत धरल्या.

"याच्यासाठी चाललंय ना सगळं? ही बढती, ही मस्ती?"

"बावा, नको!" ती धडपडत त्याच्याकडे धावली. "पाया पडते तुझ्या. हवं तर मला मार, अजून मार, पण त्या वायरी सोड!"

आपल्याच तोंडून निघालेले शब्द तिच्या कानांवर पडले. मला मार. लग्नाला चार वर्षं झाली, पण हे तिने कधी म्हटलं नव्हतं. अंग चोरलं होतं, दार लावून घेतलं होतं, आईपाशी रडली होती. आज एका लोखंडी खोक्यासाठी तिने स्वतःहून आपली पाठ पुढे केली होती. तिला स्वतःचीच शिसारी आली.

तो हसला. "बघ, आली की नाही जागेवर?" आणि त्याने दोन्ही वायरी खेचल्या.

पंखे मंदावत मंदावत थांबले. पडदा काळा झाला.

सर्व्हर ज्यावर सरकवतात त्या स्टीलच्या पट्ट्यांची एक जादा जोडी खोक्यात उरली होती. हातभराहून लांब, कडा धारदार. त्यातली एक पट्टी हातात कधी आली ते स्वरूपाला पुढे कधीच आठवलं नाही. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. "ए पिसाळलीस का—" म्हणेपर्यंत दुसरा तोंडावर बसला, तसे त्याचे पुढचे दात ओठात घुसले. तो भिंतीला धरून खाली बसला, वाचलेला हात डोक्यावर धरला. ती त्या हातावर मारत राहिली. मग खांद्यावर. मग पाठीवर. तो "स्वरूपा, स्वरूपा" म्हणत होता, आणि आपलं नाव त्याच्या तोंडून ऐकून तिला आणखीच चेव येत होता. पांढऱ्या फरशीवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते आणि तिचा पाय त्यावरून घसरत होता.

कॅमेऱ्यावर सगळं पाहून रखवालदार यादगिरी धापा टाकत आला. त्याने तिला मागून कव घातली.

"सोड, पोरी! मरेल तो!"

"मरू दे."

"तो मरेल आणि तू जेलात सडशील. टाक ती पट्टी!"

तिची बोटंच सुटेनात. यादगिरीने एकेक करून ती उलगडली.

इस्पितळात तिच्या भुवईला टाके पडले. बाहेरच्या बाकावर अत्ता, म्हणजे सासू, कपाळावरची हळद तशीच घेऊन बसली होती. "घरातली गोष्ट घरात मिटली असती गं," म्हणून तिने ऊर बडवला. स्वरूपाने वळून कुर्ता वर केला आणि तिला पाठ दाखवली. अत्ताने ऊर बडवणं थांबवलं, पण सुनेला जवळ काही घेतलं नाही.

पोलिसठाण्यातल्या बाई इन्स्पेक्टरने चित्रण दोनदा पाहिलं.

"आधी त्याने मारलं, ते दिसतंय. त्याच्यावर गुन्हा लागेलच. पण तो खाली बसल्यावरही तू मारत होतीस. का?"

वकिलाने पढवलं होतं, जिवाच्या भीतीने मारलं म्हण. स्वरूपा म्हणाली, "थांबावंसं वाटलं नाही."

"हे असं लिहू?"

"लिहा."

दोघांवरही गुन्हे दाखल झाले. बोर्ड बदलून दुसऱ्या इंजिनिअरने दोन दिवसांत तो सर्व्हर उठवला. खातेदारांना कशाचा पत्ताही लागला नाही. कंपनीने स्वरूपाला गोड बोलून राजीनामा द्यायला लावला. पुढे तिला विशाखपट्टणमला काम मिळालं, आणि तारखेला तेवढी ती हैदराबादला यायची.

अशाच एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तो तिला दिसला. पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हाताने झाकण फिरवायला बघत होता. उजव्या हाताची मूठ आता मिटत नव्हती. झाकण काही केल्या निघेना. त्याने वर पाहिलं, ती दिसली, आणि तो झटकन बाकावर मागे सरकला. तिने घरी हजारदा अंग चोरलं होतं, अगदी तसाच.

तिला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग तिची नजर स्वतःच्या हातांवर गेली. ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि पुकारा होईपर्यंत तिने दोन्ही हात काखेत गच्च दाबून धरले.