दुकानात रविवार, घरी सोमवार

रविवारी सकाळी लेकीचे केस कापायला सलूनमध्ये जाऊ नये, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिचं निम्मं बालपण बाबांच्या त्याच सलूनच्या बाकावर गेलेलं. तरी ती गेली. पिटूच्या झिपऱ्या डोळ्यांवर येत होत्या हे खरं, पण ते निमित्त. तिला बाबांना एक गोष्ट विचारायची होती, आणि उत्तर संध्याकाळच्या आत हवं होतं.

वाचनालयात ती इतके दिवस हंगामी होती. कुणी रजेवर गेलं की त्याच्या टेबलाशी, तो परत आला की पुन्हा भलतीकडे. आता मुलांच्या विभागातली कायमची जागा मोकळी झाली होती आणि ग्रंथपालबाईंनी ती आपणहून तिला देऊ केली होती. अट एकच. रविवारी यावं लागेल, कारण मुलं रविवारीच येतात. सुट्टी बुधवारी. घरी विचारा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, असं बाई म्हणाल्या होत्या.

घरी विचारलं तर नवरा म्हणाला, घे की, रविवारी मी असतोच पिटूजवळ. इतक्या सहज म्हणाला की तिचं डोकंच फिरलं. द्राक्ष उभं चिरून द्यायचं असतं हे ज्याला अजून सांगावं लागतं, त्याच्या हाती अख्खा रविवार? पण हेही खरं कारण नव्हतं. खरं कारण तिने नवऱ्याला सांगितलंच नाही. ती स्वतः रविवार नसलेल्या बापाची मुलगी होती. ते बालपण चांगलं होतं, हे पिटू होईपर्यंत तिला पक्कं माहीत होतं. पिटू झाल्यापासून कशाचीच खात्री उरली नव्हती.

दुकानात नेहमीसारखी गर्दी. बाकावर चौघं वर्तमानपत्र वाटून घेऊन बसलेले. आरशासमोरच्या दोन खुर्च्यांपैकी एकीत कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी फेस लावलेले गाल घेऊन दाढी भिजायची वाट बघत होते. नातीला बघताच बाबांनी दुसऱ्या खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकली, पिटूला उचलून तीवर बसवलं आणि बाकावरच्यांना म्हणाले, पाच मिनिटं. बाकाने हसून मान डोलावली. सलूनमधली पाच मिनिटं किती लांब असतात हे तिथल्या सगळ्यांना पाठ होतं.

ती पिटूची हनुवटी धरून उभी राहिली. बाबांच्या हातून तिचे स्वतःचे केस किती वेळा कापले गेले असतील, पण आज कात्री कानाजवळ गेली की ती हनुवटी आणखी घट्ट धरत होती. "हलेल हं ती," ती म्हणाली. बाबांनी पुढची बट कंगव्यावर घेतली. पिटू मात्र आरशातल्या पिटूला जीभ दाखवण्यात गुंग होती.

आरशाच्या वरच्या फळीवर पावडरच्या डब्यांशेजारी रेडिओ चालू होता. नवा होता, पण जागा तीच.

ती लहान असताना आई आणि ती रविवारी बाबांचा डबा घेऊन इथे यायच्या. आई एका कचेरीत होती, तिला रविवारी सुट्टी. शाळेला सुट्टी. सुट्टी नव्हती ती एकट्या बाबांना, कारण साऱ्या गावाला सुट्टी असली की सारं गाव केस कापायला निघतं. तेव्हा रविवारी रेडिओवर फर्माइशींचा कार्यक्रम असे आणि लोक हटकून वारांची गाणी मागत. शनिवार संध्याकाळची गाणी होती, त्यांत सगळे नटूनथटून कुठे ना कुठे निघालेले. सोमवारची एक-दोन होती, त्यांत माणसं उशीत तोंड खुपसून रडत. रविवारची मात्र रग्गड. एकदा पोस्टमन मान मोडून घेता घेता म्हणाला होता, मंगळवारवर गाणं का नाही हो? मंगळवारने कुणाचं घोडं मारलंय? त्यावर बाकावरून कुणीतरी म्हणालं, मंगळवारी कवी कामावर असतात. असल्या वादांवर एकेक रविवार निघून जाई.

पण सगळ्यांचं लाडकं गाणं एकच.

*रविवारी ये, घाई नको गं, चहा दोनदा होऊ दे,*
*घड्याळालाही सुट्टी आज, भिंतीवरती झोपू दे.*

हे लागलं की वर्तमानपत्रं खाली यायची. ज्यांना सूर म्हणजे काय हे माहीत नव्हतं तेही म्हणायचे. घड्याळजी तेवढे नाक मुरडायचे. झोपलं की माझ्याकडेच आणतात, म्हणायचे, आणि मग माझा रविवार जातो. बाबांची कात्री त्या गाण्याच्या ठेक्यात चालायची. सुट्टीवर असलेलं अख्खं गाव त्यांच्या खुर्चीत येऊन बसलेलं, आणि उभे फक्त बाबा.

सोमवारी दुकान बंद.

तिची शाळा सकाळची. सोमवारी दुपारी शाळा सुटली की फाटकाशी आयांच्या घोळक्यात एकटे बाबा उभे असायचे. इस्त्रीचा शर्ट, आणि दाढी न केलेली. दुसऱ्यांच्या दाढ्या करून कंटाळलेला माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःची कशाला करेल? आई कामावर, शेजारीपाजारी कामावर, गावच्या गाव कामावर, आणि ही दोघं मोकळी. बागेतले झोके रिकामे असायचे. रविवारी ज्यासाठी रांग लागते तो उंच झोका तिचा एकटीचा. बसमध्ये अगदी पुढची, मोठ्या काचेसमोरची जागा हमखास मिळायची. ती दोघं शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि न उतरता त्याच बसने परत यायची. चालक ओळखीचा झाला होता. आज कुठे उतरणार, असं तो गंभीरपणे विचारायचा.

घरी आलं की बाबा बादलीत ऊन पाणी घ्यायचे, मूठभर मीठ टाकायचे आणि पाय बुडवून बसायचे. आठवडाभर उभं राहून पाय सुजलेले असत. तीही समोर स्टूल ओढून आपले पाय त्याच बादलीत घालायची. आणि मग बाबा गायचे: सोमवारी ये, घाई नको गं. 'सोमवारी' त्या चालीत नीट मावायचं नाही. बाबा 'सो' एका दमात गिळून टाकायचे, आणि तिला ते गिळणंच फार आवडायचं. ती तसंच म्हणायला शिकली. तिच्या लेखी ती दोन निराळी गाणी होती. रविवारचं दुकानातलं, सगळ्यांचं. सोमवारचं घरातलं.

मग एक दिवस वर्गात प्रत्येकाने एकेक गाणं म्हणायचं ठरलं. तिने ताठ उभं राहून घरातलं म्हटलं, 'सो' गिळून. दुसऱ्या ओळीपर्यंत सगळा वर्ग खिदळत होता. बाईसुद्धा हसल्या. "अगं, सोमवारी कोण येईल? सोमवारी सगळे कामाला जातात," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांकडून 'रविवारी' असं तीनदा म्हणवून घेतलं. वर्गात ती रडली, पण घरी येऊन काही बोलली नाही. पुढे कधीतरी बाबांनीही ते गाणं घरात म्हणणं सोडलं. कधी, ते तिला सांगता आलं नसतं. आपण मोठ्या झालो, बादलीत चार पाय मावेनात, म्हणून थांबलं असेल, असं तिने धरलं होतं.

आज पिटूच्या मानेवरचे केस कापून होत होते तेवढ्यात ते लागलं. नव्या गायिकेने म्हटलेलं, मागे भलती वाद्यं, पण तेच. बाकावरचे दोघं गुणगुणायला लागले. बाबांनी कंगवा खाली ठेवला, हात वर केला आणि आवाज अगदी बारीक करून टाकला.

तिने आरशात पाहिलं. तिच्या नजरेतून हल्ली काही सुटत नसे. पिटूच्या अंगावरचा डासाचा फोडसुद्धा ती फुगायच्या आधी हेरायची.

"ते गाणं आवडेनासं झालं का तुम्हाला?"

"दर रविवारी लागतं," बाबा म्हणाले.

"दर रविवारी लागायचंच की."

बाबांनी ब्रशने पिटूची मान झाडली. पिटू खिदळली. मग बाबा तिच्याकडे न बघता, आरशाशी बोलावं तसं म्हणाले, "तुझ्या बाईंचे यजमान यायचे इथे दाढीला. त्यांनी सांगितलं, वर्ग कसा हसला ते. गंमत म्हणूनच सांगितलं बिचाऱ्यांनी. सगळं दुकान हसलं. मीही हसलो. वस्तरा गळ्यावर होता त्यांच्या, काय करणार?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते फक्त तिलाच माहीत आहे.

"सगळ्या जगाचा रविवार असतो," बाबा म्हणाले. "मी आपला माझ्या सोयीचा वार तुझ्या गळ्यात बांधला. वर गाणं करून दिलं. पुन्हा म्हणवेना मला ते."

आता विचारायचं ते विचारायला हीच वेळ होती, आणि हीच अगदी चुकीची वेळ होती. तरी तिने सांगितलं. कायमची जागा, मुलांचा विभाग, रविवार, बुधवार, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं आणि जराही न थांबता म्हणाले, नको घेऊस. मला दुसरा धंदा येत नव्हता, तुझ्यापाशी शिक्षण आहे. दुसरी जागा मिळेल. "दुसऱ्यांच्या पोरांत रविवार घालवशील आणि ही घरी दाराकडे बघत बसेल. मला माहीत आहे ते. डबा घेऊन यायचीस तेव्हा तुझं तोंड बघायचो मी."

हेच उत्तर तिला हवं होतं. नवऱ्याला, ग्रंथपालबाईंना, स्वतःला सांगायला एक भक्कम 'नको'. पण ते हातात आलं आणि तिला एकदम राग आला. स्वतःलाही कळेना कशाचा.

"काय दिसायचं माझ्या तोंडावर?" ती म्हणाली. "भूक लागलेली असायची मला. तुम्ही मोकळे झाल्याशिवाय आई डबा उघडू द्यायची नाही."

बाकावरचा कागदांचा आवाज थांबला.

"आणि वर्गात मी रडले ते हसले म्हणून नाही. आपलं गाणं मी चव्हाट्यावर आणलं, म्हणून. घरात सांगितलं तर तुम्ही रागावाल असं वाटलं. बाबा, रविवारी वर्गातल्या सगळ्यांचे बाबा घरी असायचे आणि झोपलेले असायचे. शाळेच्या फाटकाशी कधी एक तरी आला का? उंच झोक्यावर बसलेली वर्गात मी एकटी होते. कुणाला पटायचंसुद्धा नाही."

"मी झोपायचो," घड्याळजी फेसाआडून म्हणाले. "माझी पोरं सांगतील."

कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. पिटूच्या अंगावरचं कापड सोडवून त्यांनी ते दाराबाहेर नेऊन झटकलं, आणि बराच वेळ झटकत राहिले.

ती तिथेच उभी. आपण आत्ता काय बोललो ते तिच्या मागाहून लक्षात आलं. बापाची समजूत काढायला म्हणून जे बोललो ते सगळं खरं होतं, आणि ते खरं असेल तर मग अडलंय कुठे? पिटूला तसंच वाटेल याची हमी नव्हती. पिटू पिटू होती. तिला झोक्याची भीती वाटायची, बसमध्ये उलटी व्हायची. बुधवारी दोघींनी काय करायचं, हे तिला अजिबात सुचत नव्हतं. एरवी ती उद्याच्या गच्च भरलेल्या यादीशिवाय झोपत नसे.

तिने पिटूला कडेवर घेतलं, दाराशी येऊन ग्रंथपालबाईंना फोन लावला आणि धाप लागल्यासारखं एका दमात सांगून टाकलं, हो, चालेल मला. बाई बरं म्हणाल्या, आणखीही काही म्हणाल्या, ते तिने ऐकलं नाही. पिटूच्या मानेवरचे बारीक केस तिच्या गळ्याला टोचत होते.

बाबा कापडाची घडी घालत शेजारी येऊन उभे राहिले. घेतली ना, एवढंच म्हणाले. तिने मान हलवली. बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले, आणि मग, उगाच विचारल्यासारखं, "सोमवारी हिला पाळणाघरातून कोण आणतं?"

"हे आणतात, नाहीतर मी. ज्याचं आधी सुटेल तो. संध्याकाळच होते."

"दुपारी सोडतात का? जेवण झाल्यावर?"

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. पिटू जन्मल्यापासून त्यांनी तिला सोमवारी एकदाही मागितलं नव्हतं. सोमवारी ते घरी असतात, हे तिला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि दोघांपैकी कुणी ते तोंडावर आणलं नव्हतं. ती मनात म्हणत होती, बाबांचे पाय दुखतात. ते मनात म्हणत होते, आपला सोमवार पुन्हा कुणाच्या गळ्यात नको, आणि ते तिला आत्ता कळलं.

तिच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी चौकातली वाहनं, पाळणाघराच्या तीन पायऱ्या, बाबांचा डावा गुडघा आणि पिटूची हात सोडवून पळायची सवय उभी राहिली.

"सोडतात," ती म्हणाली. "पण तुमचं नाव नोंदवावं लागेल. फोटो लागतो. ओळखपत्र लागतं."

"आजोबाचं ओळखपत्र?"

"आजोबाचंच. उगाच कुणालाही देत नाहीत." आणि मग ती थांबेचना. रस्ता ओलांडताना मनगट धरायचं, नुसता हात नाही. पाण्याची निळी बाटली, लाल गळते. कुत्रा दिसला की ती धावत सुटते, त्याच्याकडे, उलट्या बाजूला नाही. बसने न्यायचं असेल तर एकच थांबा, आणि खिडकी उघडी. बाबा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. पिटूने त्यांच्या खिशातला कंगवा काढून घेतला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"द्राक्षं?" तिने विचारलं.

"उभी चिरून," बाबा म्हणाले. "जावई सांगत होता."