तारण कृपया

पेंटरच्या हाताची एक गोष्ट गावभर सांगतात. एका बंगल्याच्या फाटकावर त्याने ‘कुत्र्यापासून सावध’ असं लिहून शेजारी कुत्रं काढलं. तेव्हापासून पोस्टमन महिनाभर पत्रं भिंतीवरून आत फेकत होता, आणि बंगल्यातल्या खऱ्या कुत्र्याने मनाला लावून घेऊन भुंकणंच सोडलं. शंका असेल त्याने त्या कुत्र्याला विचारावं.

त्याची बायको गेली त्याला आता दोन महिने झाले होते. तो रडला नव्हता. दाढ काढण्याआधी सुई देतात तेव्हा गाल जसा आपला असून आपला राहत नाही, तसा हा माणूस अख्खाच्या अख्खा झाला होता. चहा गरम आहे की गार, हे तो वाफ बघून ठरवायचा. लोक भेटायला येत, धीराचे चार शब्द बोलत, आणि तो त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीचा पोपडा बघत बसे.

हात तेवढा चालू होता. ‘कृपया शांतता राखा.’ ‘कृपया हात लावू नये.’ ‘कृपया रांगेत उभे राहा.’ चाळीस वर्षांत त्याने इतक्या वेळा ‘कृपया’ लिहिलं होतं की ते सगळे एकापुढे एक मांडले असते तर थेट समुद्रापर्यंत पोचले असते, आणि समुद्रही निमूट रांगेत उभा राहिला असता.

अडली होती ती एकच पाटी. बायकोच्या थडग्यावरची.

गावच्या कबरस्तानातल्या लाकडी पाट्या सगळ्या त्याच्याच हातच्या. वर नाव, मध्ये तारखा, आणि खाली ठरलेले दोन शब्द: ‘विश्वासात निजला’ किंवा ‘विश्वासात निजली’. आयुष्यात तीनदाच चर्चमध्ये आलेल्या, आणि त्यातही दोनदा उचलून आणलेल्या माणसाच्या पाटीवरही त्याने ते दोन शब्द डोळे झाकून लिहिले होते. लोकांच्या घरचं लिहिताना ब्रश अडत नाही. स्वतःच्या घरचं नाव आणि तारखा लिहून झाल्या, आणि खालच्या ओळीपाशी ब्रश थांबला तो थांबलाच.

कारण बायको चर्चमध्ये बसायचीच नाही. इस्पितळात नर्स होती, निवृत्त झाली तरी लोक तिला नर्सबाईच म्हणायचे. रविवारी घंटा झाली की अख्खी मंडळी चर्चच्या दिशेने निघायची आणि ही पिशवी घेऊन बरोबर उलट दिशेला. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायची. त्यांना पुसून घ्यायची, पाठीच्या जखमा धुवायची, पायाची नखं कापायची. प्रार्थनेला चल म्हटलं तर म्हणायची, “देवाला हात आहेत, तो आपली नखं आपण कापील. या म्हाताऱ्याचं कोण करणार?” आणि विश्वासाचं विचारलं तर, वेळ मिळाला की ठेवते.

शेवटच्या दिवशी पाळकसाहेब आले, उशाशी बसले आणि हळूच म्हणाले, बाई, प्रभूवर विश्वास आहे ना? त्यावर ती म्हणाली, “पाळकसाहेब, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय.”

पेंटरने ऐकलेलं तिचं शेवटचं वाक्य तेच. लगेच त्याला बर्फ आणायला धाडलं, आणि तो परत आला तेव्हा ती झोपेत होती. त्या झोपेतून ती उठली नाही. नाडीच्या आधारावर ‘विश्वासात निजली’ कसं लिहायचं? अडाणी माणूसही विचारेल.

अशात मंडळीचा सेक्रेटरी एक कागद घेऊन दारात आला. चर्चच्या समोरच्या भिंतीवर, वेदीच्या वर, हातभर उंचीच्या अक्षरांत एक ओळ लिहायची होती: ‘तारण कृपेने, कृत्यांनी नव्हे’. अर्थ सरळ होता. माणूस तरतो तो देवाच्या कृपेने, विश्वासाने ती घेतली तर. आपण केलेल्या भल्या कामांच्या जोरावर नाही. सेक्रेटरीने हे दोनदा समजावून सांगितलं, कारण पेंटर कागदाकडे न बघता त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होता. पेंटर बरं म्हणाला. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

धाकटी मेहुणी रोज डबा घेऊन यायची, तिच्या कानावर हे गेलं. तिने डबा आपटला.

“भाऊजी, माझ्या बहिणीने जन्मभर कृत्यंच केली. आणि तुम्ही तिच्याविरुद्ध भिंत रंगवणार?”

“ओळ त्यांची आहे,” पेंटर म्हणाला. “मी फक्त अक्षरं काढतो.”

“हो, जल्लादही तेच म्हणतो. मी फक्त दोर ओढतो.”

पेंटर जेवला. भाजीत मीठ नव्हतं, हे मेहुणीनेच त्याला सांगितलं.

परांची बांधली, खडूची दोरी मारली आणि काम सुरू झालं. पाळकसाहेब अधूनमधून येऊन खालून बघत. पेंटर आधी सुटी अक्षरं काढायचा आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी ओढायचा. पाळकसाहेबांना याचं नवल वाटलं. त्यांना आजवर वाटत आलं होतं की अक्षरं रेघेला लटकतात. पेंटर म्हणाला, वाचणाऱ्याला तसंच दिसतं. मग रेघ नसली तर, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, वाचता येतं, पण अक्षरं एकमेकांची वाटत नाहीत. एवढं बोलून तो ‘नव्हे’कडे वळला. त्या महिन्यातलं त्याचं सर्वांत लांब भाषण ते. ‘नव्हे’ लिहिताना काहीतरी होईल, असं त्याला वाटलं होतं. काही झालं नाही. तो ‘नव्हे’ त्याच्या आयुष्यातला सर्वांत देखणा ‘नव्हे’ उतरला.

रविवारी परांची काढलेली होती. मंडळी आत आली, बसली, आणि सगळ्यांनी मान वर केली. मागच्या बाकावरून कोणीतरी खोकला. मग दुसरा खोकला. तिसऱ्याला ठसका लागला, आणि वाद्य वाजवणाऱ्या बाईने भलताच सूर धरला. भिंतीवर हातभर उंचीच्या, निर्दोष, सोन्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं:

‘तारण कृपया, कृत्यांनी नव्हे’

चाळीस वर्षांच्या सवयीने हाताने आपलं काम चोख केलं होतं. जणू स्वर्गाच्या दाराशी कोणी तिकिटाची खिडकी उघडून बसलंय, आणि खाली पाटी आहे. सेक्रेटरीचा चेहरा विटेसारखा झाला. त्या दिवशी मंडळी प्रवचनभर जागी होती, असं त्या चर्चमध्ये पूर्वी कधी घडलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पेंटर शिडी, खरवडायची पट्टी आणि डबे घेऊन दुरुस्तीला आला. चर्चमध्ये पाळकसाहेब एकटेच होते. पेंटर शिडीवर चढला, ‘या’वर पट्टी टेकवली आणि तसाच उभा राहिला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “लक्ष नव्हतं.”

पाळकसाहेब म्हणाले की त्यांना तितकंसं चुकीचं वाटत नाही, पण सेक्रेटरीला वाटतं, आणि सेक्रेटरीबरोबर त्यांना अजून बरीच वर्षं काढायची आहेत.

पेंटर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, “एक विचारू? ही ओळ खरी असेल, तर ती आत असेल का?”

कोण, असं पाळकसाहेबांनी विचारलं नाही. ते पहिल्या बाकावर बसले.

“स्वर्गात कोण आहे त्याची यादी माझ्याकडे नाही, पेंटर. पण तुम्ही बर्फ आणायला गेलात, तेव्हा मी नाडी बांधली आणि पुन्हा विचारलं. म्हटलं, बाई, लोकांचं एवढं केलंत, आता भरवसा कशावर?”

“मग?”

“म्हणाल्या, माझ्यावर तर नाही. केलं त्याहून राहिलं ते जास्त. वरच्याला म्हणावं, सांभाळून घे.”

पेंटरने पट्टी खाली घेतली. “तीच म्हणाली हे?”

“त्याच. तीस वर्षं मी या भिंतीखाली उभा राहून विश्वास म्हणजे काय ते समजावतोय. याहून वेगळं मला काही सांगायचं नसतं. फक्त मला पाऊण तास लागतो.”

“आणि तिने केलं ते सगळं? ते फुकट?”

“फुकट कसं? फळं टांगून झाड होत नाही, एवढंच ही ओळ म्हणते. फळं दिसत असताना मुळं नाहीत असं कुठे म्हणते?”

पेंटर म्हणाला, “दोन महिने सांगितलं नाहीत.”

“तीनदा आलो होतो सांगायला. तिन्ही वेळा तुम्ही मला विचारलंत, दरवाजाला कुठला रंग हवाय.”

पेंटरला अंधुक आठवलं की एकदा पाळकसाहेबांनी हिरवा सांगितला होता.

त्याने ‘या’ खरवडला. त्याच्या जागी ‘ने’ काढला, ‘प’वर मात्रा दिली आणि रेघ जोडली. ‘या’ला लागते तेवढी जागा ‘ने’ला लागत नाही, त्यामुळे तिथे बोटभर फट राहिली. एरवी ती फट त्याला जेवू देती ना. त्याने ती तशीच ठेवली आणि शिडी खांद्यावर घेतली.

घरी मेहुणी डबा घेऊन वाट बघत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिच्या बहिणीचे शब्द तेवढे जसेच्या तसे. मेहुणी ओट्याशी पाठ फिरवून रडली. तो रडला नाही. रडू शोधलं त्याने जरा, पण सापडलं नाही, तेव्हा त्याने काळ्या रंगाचा डबा उघडला.

पाटी कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. ती त्याने खाटेवर आडवी ठेवली. मेहुणीने डोळे पुसून विचारलं, आता काय लिहिणार? ती बोलली तेच लिहा की, भाऊजी. जगात कोणाच्या पाटीवर नसेल असं.

“नाही,” पेंटर म्हणाला. “सगळ्यांचं आहे तेच.”

आणि त्याने ठरलेले दोन शब्द लिहिले, ठरलेल्या मापात, ना मोठे ना लहान. विश्वासात निजली. लिहून झालं तरी आतून काही हललं नाही. गाल अजून आपला नव्हताच. पण रंग ओला होता आणि दुपारची वेळ, माश्या बसल्या तर पाय उमटतात. म्हणून तो खाटेशेजारी स्टूल ओढून बसला, एक जुना पुठ्ठा घेतला, आणि पाटी वाळेपर्यंत तिला वारा घालत राहिला.