तारेत ओवलेलं मंगळसूत्र

मित्रांनो, मी एक जुनं मंगळसूत्र आहे. फार जुनं नाही, पण माणसांची पारख होण्याइतकं आहे. आता हे सौभाग्याबद्दल गोड गोड बोलणार, अशी तुमची समजूत असेल तर ती सोडा. तसलं ऐकायचं असेल तर सराफाच्या दुकानात जा. तिथला सराफ पंख्याखाली बसून दिवसभर तेच बोलतो आणि मधूनमधून जांभया देतो. "काळ्या मण्यांनी नजर लागत नाही, सोन्याने रक्त शुद्ध होतं," असं त्याने माझ्यादेखत सांगितलं होतं. त्याच्या स्वतःच्या हातात, गळ्यात आणि बोटांत इतकं सोनं होतं, पण जिना चढताना त्याला धाप लागायची.

माझे काळे मणी साध्या काचेचे आहेत. माझ्या दोन वाट्या सोन्याच्या आहेत, म्हणजे वरून सोन्याच्या. आत लाख भरली आहे. जगातल्या पुष्कळ पवित्र वस्तूंचं असंच असतं, त्यामुळे मला त्याची लाज वाटत नाही. एक वाटी माहेरची आणि एक सासरची. माहेरची वाटी अंमळ मोठी निघाली, आणि सासरच्या मंडळींना ते लग्नाच्या पंगतीतही गिळता आलं नाही. पहिलं वर्षभर या वाट्या उलट्या घालायच्या आणि मग सुलट्या करायच्या, म्हणजे नवी नवरी लांबूनच ओळखू येते. नवरा नवा की जुना, हे ओळखण्यासाठी मात्र कुणाला काही उलटंसुलटं करावंसं वाटलेलं नाही.

लग्नात नवऱ्याने मला माझ्या मालकिणीच्या गळ्यात घातलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते. सगळे म्हणाले, किती हळवा आहे! मला तर वाटतं, त्याला भूक लागली होती. त्यानंतर त्याने माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. त्याचं आयुष्य म्हणे माझ्यावर अवलंबून होतं. एवढी मोलाची वस्तू असती तर माणसाने अधूनमधून विचारपूस तरी केली असती.

ही माझी मालकीण मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगाने यायच्या. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ती तापलेल्या रुळात सारायची, आणि पलीकडून चादर कोरडी, सपाट होऊन बाहेर पडायची. तिचे हात इतके सफाईदार चालायचे की बघत राहावं. मी मात्र तिथे अडगळ होतो. माझ्यात दोन सेफ्टी पिना लटकत असायच्या, घामाने दोरा कुबट व्हायचा, आणि वाफेने वाट्या तापून तिच्या छातीला चटके बसायचे. कौतुक म्हणाल तर लग्नघरी व्हायचं. तिथे बायका मला चिमटीत धरून वजनाचा अंदाज घ्यायच्या.

कारखान्याचा मुकादम रोज ओरडायचा, "लोंबतं काही नको! घरी ठेवून या!" त्याचं म्हणणं बरोबर होतं. तिने एकदा घरी तसं सांगूनही पाहिलं. सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळीवरून मान वर केली.

"त्या मुकादमाला सांग, नवरा माझा आहे, तुझा नाही."

"आई, पण ते यंत्र..."

"यंत्राचं मला नको सांगूस. गळा मोकळा ठेवायचा नाही, म्हणजे नाही."

यावर तिने मला ब्लाउजच्या आत टाचून ठेवायला सुरुवात केली. हे बोलणं चाललं तेव्हा नवरा शेजारच्या खोलीत पंख्याखाली पेपर वाचत होता. विषय त्याच्याच आयुष्याचा होता, पण त्याने पान उलटण्यापलीकडे काही केलं नाही.

मग एक दिवस भांडी घासताना माझा दोरा तुटला. जुना दोरा तो, कधीतरी तुटणारच. मणी मोरीभर पसरले. आमच्या घरात मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. शब्द बदलला की भीती जाते, असा यांचा हिशेब. पण सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांचं स्वतःचं मंगळसूत्र असंच तुटलं होतं आणि त्याच महिन्यात सासरे गेले होते. सासरे कितीतरी वर्षं खोकत होते आणि दवाखान्याचं नाव काढलं की वस्सकन अंगावर यायचे, हे त्या कधीच सांगत नसत. त्यांनी सगळा दोष त्या बिचाऱ्या दोऱ्याला दिला होता. मोरीत ओणव्या होऊन मणी वेचताना त्यांचे ओठ कापत होते. खरं सांगतो, तेवढा वेळ मला त्यांचा राग आला नाही.

पण दुसऱ्याच दिवशी त्या मला घेऊन मणी ओवणाऱ्या बाईकडे गेल्या आणि म्हणाल्या, "दोरा नको. पोलादी तार घाल. जन्मात तुटता कामा नये." मी ओवून परत येईपर्यंत सुनेच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलेलं होतं, कारण गळा तेवढा वेळही रिकामा राहता कामा नये. मी परत आलो तो असा, की दोन माणसांनी ओढलं तरी हटलो नसतो. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढे काय झालं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. या शहाण्यांच्या आलं नाही. एका दुपारी चादर सारताना ती वाकली, पिन निसटली आणि मी बाहेर लोंबलो. चादरीच्या घडीने मला पकडलं आणि रूळ आम्हा दोघांना ओढू लागला. साधा दोरा असता तर तेव्हाच तुटून मोकळा झालो असतो. मला तुटायचं होतं, मित्रांनो. उभ्या आयुष्यात मला एवढी एकच गोष्ट मनापासून हवी होती, आणि ती तार मला तुटू देईना. मी तिच्या मानेत रुतत गेलो. समोरच्या मैत्रिणीने किंचाळत लाल बटण दाबलं, रूळ थांबला, आणि मेकॅनिकने पक्कड आणून मला कापलं. तिच्या मानेतून रक्त वाहत होतं. तिला टाके पडले.

आता घरची तऱ्हा ऐका. कारखान्यातून फोन आला. सासूबाईंनी सगळं ऐकलं, फोन ठेवला आणि आधी मुलाला फोन लावला. "तू बरा आहेस ना रे?"

"मला काय झालंय? चहा पितोय."

"रस्ता जपून ओलांड. मंगळसूत्र वाढवलंय."

संध्याकाळपर्यंत सगळे नातेवाईक त्याच्या तब्येतीची चौकशी करून गेले. एका आत्याबाईंनी तर त्याची नाडीसुद्धा पाहिली. जिच्या मानेला टाके होते ती कोपऱ्यात कॉटवर पडून होती. तिला लोक विचारत होते, "दोन्ही वाट्या सापडल्या ना गं?" आणि मानेच्या पट्टीवरून सासूबाईंनी पुन्हा हळकुंड बांधलं.

टाके निघाले. ती पुन्हा कामावर निघाली, त्या सकाळी सासूबाईंनी मला डबीतून काढलं. "आता दुहेरी तार घालून आणलीय," त्या म्हणाल्या.

तिने मला हातात घेतलं आणि सरळ नवऱ्यापुढे जाऊन त्याच्या गळ्यात घातलं.

"हे काय?" तो हसायला लागला.

"आयुष्य तुमचं आहे ना? मग तुमच्याच गळ्यात बरं. मी कामावरून येईपर्यंत काढू नका."

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो घाबरला. त्याने मला शर्टाखाली सारलं आणि चहाचा कप उचलला. कप अर्धा व्हायच्या आत त्याची मान वळवळायला लागली. त्याने कॉलर सैल केली. मग बोट घालून खाजवलं. एवढा मोठा बाप्या, पण चेहरा बाळासारखा रडवेला झाला.

"आई, ही तार कापतेय गं मानेला."

"अरे, मग काढ की आधी!" सासूबाई धावल्याच. "मानेला लागेल ना!"

बोलून गेल्या आणि तिथेच थांबल्या. सून दाराशी चपला घालत होती. तिच्या मानेवरचा वळ अजून लालच होता. सासूबाईंनी तो पाहिला. इतके दिवस त्यावर मलम त्यांनीच लावलं होतं, पण पाहिला त्या सकाळी.

त्यांनी मला मुलाच्या गळ्यातून काढलं. "पक्कड कुठे आहे रे?"

"आई, अगं अपशकुन..."

"गप बस. पक्कड आण."

दुहेरी तार त्यांनी स्वतःच्या हाताने कापली. सगळे मणी त्यांच्या ओच्यात पडले. दुपारी त्या ओवणाऱ्या बाईकडे गेल्या आणि म्हणाल्या, "कच्चा दोरा घाल. हिसका बसला की तुटला पाहिजे."

हल्ली ती कामावर असते तेव्हा मी आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. तिला वाटलं तर संध्याकाळी घालते, नाही वाटलं तर नाही. नवरा माझ्यासमोर बसून जेवतो आणि ढेकर देतो. ठणठणीत आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. मला कच्च्या दोऱ्यात ओवा आणि तुटलो तर तुटू द्या. माझे मणी मोरीतूनही वेचून पुन्हा ओवता येतात.