ओ न दिलेली हाक

धाकट्या भावाचं एक पत्र माझ्याकडे आलं होतं आणि त्याला मी कधी उत्तर पाठवलं नाही. पत्र हरवलं नव्हतं, मी विसरलोही नव्हतो. ते कुठे आहे हे मला इतकं नेमकं ठाऊक होतं की डोळे मिटून काढून दिलं असतं. कोशाच्या कार्यालयात, 'द'च्या खणात, एका चिठ्ठीला टाचणीने लावलेलं.

चिठ्ठी म्हणजे आमच्या धंद्यातलं भांडवल. मी आयुष्यभर शब्दकोशाचं काम केलं. एखादा शब्द लोक कसा वापरतात हे दाखवणारं वाक्य कुठे वाचलं, ऐकलं की ते जाड कागदाच्या चिठ्ठीवर उतरवायचं, कोपऱ्यात आधार लिहायचा आणि चिठ्ठी अक्षराप्रमाणे खणात ठेवायची. वाक्य खाजगी पत्रातलं असेल तर छपाई होईपर्यंत मूळ पत्र चिठ्ठीला लावून ठेवायचं, म्हणजे कुणी शंका काढली तर दाखवता येतं. हा नियम मीच सुचवला होता, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

भाऊ शिवणयंत्रं दुरुस्त करतो. वडिलांचंच दुकान त्याने पुढे चालवलं. मी स्क्रू आवळला तर त्याचा आटा जायचा, म्हणून लहानपणापासून दुकानात माझं काम एकच, गिऱ्हाइकाला पावती लिहून देणं. भाऊ मला 'पुस्तक्या' म्हणायचा. खरं तर थोरल्या भावाला 'दादा' म्हणायचं. पण आमच्या घरात तो शब्द आधीच गुंतलेला होता. आत्या वडिलांना दादा म्हणायची, तिचं ऐकून आम्हीही वडिलांना दादाच म्हणू लागलो. एका घरात दोन दादा कसे राहणार? वडील गेले तेव्हा घरातून तो शब्दही गेला.

योगायोग असा की पत्र आलं त्या दिवसांत माझ्या टेबलावर 'दादा' हाच शब्द होता. मी अगदी रंगून गेलो होतो. आपल्याकडे थोरला भाऊ, काही घरांत बाप, आणि रस्त्यावरचा गुंडही. शेजारच्या भाषेत आजोबा. तुर्कीत 'देदे' म्हणजे आजोबाच. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे चक्क बहीण. जॉर्जियन भाषेत 'देदा' म्हणजे आई, आणि तिथे बापाला म्हणतात 'मामा'. हे मी प्रूफवाल्या बाईंना सांगितलं तेव्हा चष्मा न काढता त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या वेळी घरात जो मोकळा सापडला, त्याच्या गळ्यात शब्द पडला."

जाणकारांचं म्हणणं याहून फार वेगळं नाही. तान्हं मूल दादा, बाबा, मामा असे आवाज काढतं ते कुणाला उद्देशून नसतात. जवळचं माणूस समजतं की ही हाक आपल्यालाच आहे आणि ओ देतं. शब्दाला अर्थ येतो तो ओ देणाऱ्यामुळे. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून त्याच्याखाली रेघही मारली होती.

पत्र मी जिन्यातच फोडलं. पहिलाच शब्द होता 'दादा'. पुढे लिहिलं होतं की उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. मग हे: "काही दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी असणार. बायको आहे, पोरगी आहे, पण त्यांच्यासमोर घाबरता येत नाही. दादा, तू नुसता येऊन बसलास तरी अंधाराची भीती वाटणार नाही."

दुकानामागे सुट्या भागांची एक खोली होती, तिला खिडकी नव्हती. वडील भावाला काही आणायला आत पाठवत. तो दारातून मला ओरडून विचारायचा, "पुस्तक्या, आहेस ना?" मी पावतीवरून मान वर न करता म्हणायचो, "ओ." तो पुन्हा विचारायचा, मी पुन्हा म्हणायचो. हातात डबा घेऊन तो बाहेर येईपर्यंत हे चालायचं. पत्र वाचताना मला हे आठवलं नाही, असंही मी म्हणू शकत नाही. आठवलं होतं.

पण त्याआधी आनंद झाला. ही गोष्ट मला आजही गिळता येत नाही. माझा भाऊ आंधळा होण्याच्या भीतीने लिहीत होता आणि मला उदाहरण सापडल्याचा आनंद झाला. बाप गेल्यावर त्याची हाक थोरल्या भावाकडे येते, याचा लेखी आधार आमच्याकडे नव्हता. तो आता माझ्या खिशात होता. मी तसाच कार्यालयात गेलो, वाक्य उतरवलं, कोपऱ्यात 'खाजगी पत्र' लिहिलं आणि टाचणी लावली. एक काम हातावेगळं झालं, असं वाटलं. त्या वाटण्यातच मी फसलो.

उत्तर संध्याकाळी लिहू म्हटलं. संध्याकाळी वाटलं, मी जाऊन करणार काय? मला दवाखान्याचा वास सोसत नाही, चार माणसांत बोलता येत नाही. आमच्या हिने दोनदा विचारलं, भावजींना कळवलं का? दोन्ही वेळा मी 'बघतो' म्हणालो. मग ऑपरेशनचा दिवस गेला. डोळा वाचला नाही. त्यात माझा काही हात नव्हता हे खरं, आणि त्याने मला जरासुद्धा बरं वाटलं नाही. आता काय लिहायचं? उशिराची लाज वाटायची, त्या लाजेपायी आणखी उशीर व्हायचा. पुढे ऋतू बदलले, आम्ही दोघं भाऊ एकमेकांची खुशाली तिसऱ्याकडून विचारू लागलो.

कोशाचा तो खंड छापून आला, मी निवृत्त झालो, आणि गेल्या आठवड्यात भावाची मुलगी दारात उभी राहिली. ती शाळेत शिकवते. पिशवीतून तिने शाळेच्या ग्रंथालयातला तो जाडजूड खंड काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. खूण घातलेलीच होती.

"काका, हे वाचा."

मी म्हणालो, मला पाठ आहे.

"मला ऐकायचंय."

मी वाचलं. 'दादा. अर्थ चौथा. वडिलांच्या पश्चात थोरल्या भावास उद्देशून.' त्याखाली तिरप्या अक्षरांत भावाचं वाक्य. अंधाराची भीती सगळ्या ग्रंथालयांत पोहोचली होती.

ती म्हणाली की मुलांना शब्द शोधायला शिकवत होते, एका मुलीने हे वाक्य मोठ्याने वाचलं. "अक्षरन् अक्षर ओळखलं मी. बाबांनी ते तीनदा खोडून लिहिलं होतं. टपालात मी टाकलं होतं." मग अगदी हळू विचारलं, "प्रश्न छापलात काका. उत्तर कुठल्या पानावर आहे?"

ही चहा घेऊन आली होती. कप ठेवताना म्हणाली, "यांना माणसं दिसतच नाहीत गं, उदाहरणं दिसतात." एरवी ही असं बोलली की आम्ही दोघं हसतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मी विचारलं, त्याने पाहिलं का हे? ती म्हणाली, नाही, आणि मी दाखवणारही नाही. पण आता डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, पुढच्या महिन्यात. या वेळी बाबांनी कुणालाच बोलावलं नाही. कुणाला कळवू का म्हटलं तर म्हणाले, ज्याला त्याला आपली कामं असतात.

मी फोनकडे हात नेला. तिने फोन अलगद बाजूला सरकवला.

"फोनवर तुम्ही 'बरं बरं' म्हणाल आणि ठेवाल. त्यांनी पत्र लिहिलं होतं. अजून वाचता येतंय त्यांना, तोवर लिहा."

ती गेल्यावर मी कार्यालयात गेलो. खंड निघाल्यावर मूळ पत्रं परत करायची असतात, हे एक पत्र मात्र कुणी परत मागायला आलं नव्हतं. नव्या माणसाने सही घेऊन दिलं. टाचणीचा गंज कागदाला लागला होता, नेमका 'दादा'च्या डोक्यावर.

मग मी उत्तर लिहायला बसलो आणि स्वतःची आणखी लाज वाटली. पहिल्या मसुद्यात तुर्की आणि जॉर्जियन आलं. दुसऱ्यात माझी तब्येत, दवाखान्याचा वास, कामाचा व्याप. तिसऱ्यात इतकी माफी मागितली होती की बिचाऱ्याला मलाच धीर द्यावा लागला असता. हिने ते वाचलं आणि म्हणाली, "यात तुम्ही जाणार आहात की नाही, ते कुठे लिहिलंय?" ते कुठेच नव्हतं.

शेवटी उरलं ते एवढं:

"तुझं पत्र मिळालं होतं. वेळेवर मिळालं होतं. तुझं एक वाक्य न विचारता मी कोशात छापलं आणि तुला मात्र उत्तर दिलं नाही. पोरगी दाखवणार नाही म्हणते, म्हणून मीच सांगतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येतो आहे. पट्टी निघेपर्यंत बसेन. मला तिथे काही करता येणार नाही, पण तू विचारशील तेव्हा ओ देईन. नको असेन तर तसं कळव, तरी मी बाहेर बाकावर बसेन."

सही करताना हात अडला. 'दादा' लिहायची छाती झाली नाही. 'पुस्तक्या' लिहिलं. आणि अक्षरं मोठी काढली, पावतीवर काढायचो त्याहून मोठी, त्याच्या एका डोळ्याला शोधावी लागू नयेत म्हणून.

पाकीट घेऊन ही बरोबर यायला निघाली होती. मी म्हटलं, एकटा जातो. ती म्हणाली, "जा, पण पेटीवरचा मजकूर वाचत बसू नका." कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी मी थोडा थांबलोच. पत्ता पुन्हा तपासला. मागे एक बाई पत्र हातात धरून खोळंबली होती, तिने विचारलं, "काका, टाकताय ना?"

"हो," म्हणालो, आणि टाकलं.