साडेसदतीसवर थांबलेला आकडा

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरबाईंनी अंडी उबवण्याच्या पेटीवर हात ठेवला. पेटी गार होती. शेजारच्या भिंतीवर टांगलेल्या टॅब्लेटवर मात्र ठळक हिरव्या अक्षरांत ३७.५ हा आकडा दिसत होता.

पेटीत घुबडाची तीन अंडी होती. एक जुनं गोदाम पाडताना छताच्या तुळईवर ती सापडली आणि क्रेनच्या ड्रायव्हरने ती स्वतःच्या हेल्मेटमध्ये टॉवेल घालून जखमी पक्ष्यांच्या या केंद्रात आणून दिली. मादी परत आली नाही. तेव्हापासून त्या अंड्यांना ऊब द्यायचं काम ही पेटी करत होती. तिसरं अंडं वाढीत सगळ्यांत पुढे होतं. आठवड्याभरात फुटेल असा डॉक्टरबाईंचा अंदाज होता.

त्यांनी तिन्ही अंडी उचलून अशक्त पक्ष्यांसाठीच्या दिव्याच्या खोक्यात ठेवली. उचलताना त्यांनी एक गोष्ट पाहिली, पण तिच्याकडे त्यांचं लक्ष नंतर गेलं. मग त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला.

हा भाऊ वेबची पानं बनवतो. लहानपणी तो लिहायचा कमी आणि पुसायचा जास्त, म्हणून घरात त्याचं नाव खोडरबर पडलं. टॅब्लेटवरचं पान त्यानेच केलं होतं.

"खोडरबर, तुझा आकडा साडेसदतीस म्हणतोय आणि पेटी बर्फ आहे."

"पान बंद करून परत उघडलंस?"

"अजून नाही. आता तेच करतेय."

"थांब! बोट लावू नकोस. ताई, अजिबात हात लावू नकोस."

"अरे, पण—"

"त्या पानाला शेवटचं काय कळलं ते फक्त त्या पानालाच माहीत आहे. परत उघडलंस की सगळं विसरेल. मी येतोय."

डॉक्टरबाई वळल्या तेव्हा पक्ष्यांची देखभाल करणारे नाना टॅब्लेटसमोर उभे होते. ते रोज सकाळी त्याची काच पुसतात. काचेवरून बोट वरून खाली ओढलं की पान नव्याने उघडतं आणि फडक्यालाही ते जमतं.

"नाना, फडकं खाली ठेवा!"

नानांनी फडकं असं खाली ठेवलं की जणू त्यात साप होता.

खोडरबर लॅपटॉप आणि केबल घेऊन आला. दाढी अर्धीच झालेली होती. त्याने आधी अंड्यांकडे पाहिलं, मग बहिणीच्या तोंडाकडे, आणि काही न विचारता केबल जोडली.

"किती वेळ गार होती, तेवढं सांग," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तास-सव्वा तास असेल तर मला काळजी नाही. आई पक्षीणसुद्धा तेवढी उठून जाते. तीन-चार तास असतील तर गोष्ट वेगळी."

"वेगळी म्हणजे?"

"वेगळी म्हणजे वेगळी. तू तुझं बघ."

पानाची रचना साधी होती. पेटीतला सेन्सर दर मिनिटाला तापमान पाठवायचा, पान ते घ्यायचं आणि दाखवायचं. टॅब्लेट कुणीतरी टाकून दिलेला, कोपऱ्यात तडा गेलेला, अगदी मंद होता. म्हणून खोडरबरने मुद्दाम जावास्क्रिप्टचं एक छोटंसं फ्रेमवर्क, म्हणजे पान उभं करायचा तयार सांगाडा, निवडलं होतं. मोठी फ्रेमवर्कं येतात ती लग्नाच्या वऱ्हाडासारखी; हे एकटं, हातात पिशवी घेऊन आलेलं. सगळं पान मिळून अंड्याच्या एका फोटोपेक्षाही हलकं, हे तो महिनाभर भेटेल त्याला सांगत होता. या फ्रेमवर्कचा स्वभाव असा की ते प्रत्येक आकड्यावर नजर ठेवतं आणि जो बदलला तेवढीच जागा पडद्यावर बदलतं. आकडा तोच असेल तर पडद्याला हात लावत नाही.

"म्हणजे तुझ्यासारखंच," डॉक्टरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "ओरडल्याशिवाय हलायचं नाही."

आता लॅपटॉपवर पानाचं पोट उघडं झालं होतं आणि खोडरबर एका ओळीवर थांबला होता.

"काय झालं?"

"शेवटचं मोजमाप पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी आलंय. त्यानंतर काहीच नाही."

"मग पान बोललं का नाही?"

त्याने पडद्यावरची एक जागा दाखवली. सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर काय करायचं, ते लिहायची ती जागा. ती रिकामी होती.

"मोकळी सोडलीस?"

"तूच सांगितलं होतंस."

"मी?"

"पहिल्या आठवड्यात. नेट सारखं जायचं, दर वेळी लाल पट्टी यायची. तू म्हणालीस, ही पट्टी काढ, माझ्या पोटात गोळा येतो. मग म्हणालीस आकडा नाचतोय, सदतीस पॉइंट चार, सहा, चार, मला बघवत नाही. म्हणून मी तो जवळच्या अर्ध्या अंशावर बसवला. मग आलेख नको म्हणालीस."

"मला शांत पडदा हवा होता."

"तो दिलाच की मी."

डॉक्टरबाईंनी खिडकीकडे पाहिलं. पेटीतला जुना काचेचा थर्मामीटर त्यांनी स्वतःच काढून टाकला होता, पडदा आल्यावर अडगळ नको म्हणून. तो समोरच्या खिडकीत पेनांच्या डब्यात उभा होता.

आलेख पडद्यावरून गेला होता, पण त्यासाठी आकडे साठवणारी ओळ पुसायला खोडरबर विसरला होता. आयुष्यात एकदा पुसायचं राहिलं, ते उपयोगी पडलं. पानाच्या पोटात शेवटचे काही आकडे जसेच्या तसे, अर्ध्या अंशात न बसवलेले, पडून होते: ३७.५, ३७.६, ३७.४, ३७.५, ३७.४, ३७.३.

"उतरतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"की नाचतोय? आधीही नाचायचाच."

"हीटर बंद पडला की ही पेटी दहा मिनिटांत अंशभर उतरते. मी करून बघितलंय."

"म्हणजे चार वाजून सहापर्यंत हीटर चालू होता. किंवा नुकताच गेला होता."

"आणि नंतर?"

"नंतरचं पानाला माहीत नाही. बातमी येणं थांबलं ते चारला. पेटी गार कधी पडायला लागली, हा वेगळा प्रश्न आहे."

दोघांनी पेटी उलटी केली. हीटरचा फ्यूज उडाला होता. राउटर पहाटे स्वतःच बंद होऊन चालू झाला होता आणि सेन्सरचा डबा त्याला परत जोडला गेलाच नव्हता. विजेच्या एकाच झटक्यात दोन्ही गेलं असेल, तर अंडी तीन तासांहून जास्त गार राहिली होती. राउटर एकटाच रुसला असेल आणि फ्यूज सकाळी कधीतरी गेला असेल, तर अजून आशा होती. उडालेल्या फ्यूजवर वेळ लिहिलेली नसते.

"नाना, सहाला तुम्ही अंडी फिरवलीत ना?" खोडरबरने विचारलं.

"रोज फिरवतो."

"आज?"

"आज म्हणजे रोजच्यातलाच एक दिवस की, इंजिनियरसाहेब."

अंडी दिवसातून काही ठरलेल्या वेळी हाताने अर्धी फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. गोंधळ नको म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलेला असतो. रात्री अकराला डॉक्टरबाईंनी तिन्ही अंडी फुली वर करून ठेवली होती. सकाळी सहाला नाना ती गोल वर करतात.

"हाताला गार लागली का?"

"हातमोजे होते. त्यातून गार-गरम कसं कळणार?"

"मग पेटी चालू आहे की नाही, बघितलं कसं?"

"तुमच्या पडद्यावर," नाना म्हणाले. "साडेसदतीस. एवढा मोठा हिरवा आकडा लावलाय भिंतीवर, मग मी चाचपडू कशाला?"

खोडरबरने लॅपटॉपकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी मात्र प्रश्न सोडला नाही. पेटीत ओलावा असतो. ती गरम असताना झाकण उघडलं की वाफेने चष्मा धुरकट होतो. त्यांचाही होतो, नानांचाही.

"नाना, नीट आठवा. आज झाकण उघडल्यावर चष्मा पुसलात?"

नानांनी चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिलं, जणू तोच उत्तर देईल. "रोज पुसतो. या सदऱ्याच्या टोकाला."

"आज?"

"पुसला असेल." मग हळू आवाजात: "बाई, खोटं कशाला बोलू? रोजचं आठवतंय. आजचं वेगळं असं आठवत नाही."

तेव्हा डॉक्टरबाईंना सकाळी पाहिलेली ती गोष्ट आठवली. अंडी उचलताना पहिल्या दोघांवर गोल वर होता. तिसऱ्यावर फुली होती.

"तिसरं फिरवायचं राहिलं का तुमचं?"

हे नानांना लागलं. "तिन्ही फिरवली. घुबडाची अंडी असली म्हणून काय झालं, मला तीनपर्यंत मोजता येतं."

"तसं नाही हो नाना. फुली वर होती, म्हणून विचारलं."

"मग ते नंतर फिरलं असेल."

"आपोआप?" खोडरबरने विचारलं.

नानांनी खांदे उडवले. डॉक्टरबाईंनी उडवले नाहीत. त्या दिव्याच्या खोक्याशी गेल्या आणि बराच वेळ तिसऱ्या अंड्याकडे बघत उभ्या राहिल्या. ते हललं नाही.

नवा फ्यूज आला, राउटर जागा झाला, जुना थर्मामीटर पेनांच्या डब्यातून निघून पेटीत परत गेला. दुपारी अंडी पेटीत ठेवताना डॉक्टरबाईंनी हातमोजे काढून ठेवले. त्यांनी स्वतः तिन्ही अंडी गोल वर करून जाळीवर ठेवली आणि खोडरबरने फोटो काढला.

मग तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पान दुरुस्त करू लागला. काम दिसायला छोटं होतं, पण एका जागी तो अडला. पेटी नीट चालली तर आकडा बदलत नाही. सेन्सर मेला तरी आकडा बदलत नाही. पडदा दोन्ही वेळा सारखाच गप्प. मग 'सगळं ठीक आहे' आणि 'मला काही माहीत नाही' यांतला फरक दाखवायचा कसा?

"लाल पट्टी परत लाव," डॉक्टरबाई म्हणाल्या. "येऊ दे गोळा."

"नको. पट्टी लावायलासुद्धा काहीतरी चुकलंय हे आधी पानाला कळावं लागतं. मला असं हवंय की ठीक असतानाही काहीतरी हलत राहील. आणि ते थांबलं की तुला कळेल."

शेवटी त्याने आकड्याखाली एक ओळ घातली: मोजमाप इतक्या सेकंदांपूर्वीचं. ती दर सेकंदाला वाढायची, नवं मोजमाप आलं की शून्यावर यायची. दोन मिनिटं काही आलं नाही तर मोठा आकडाच पुसला जायचा आणि तिथे कोरी जागा राहायची.

"कोरी?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला धडकी भरेल."

"भरू दे. माहीत नसेल तर कोरंच."

त्याने सेन्सरची वायर काढली. तिघं टॅब्लेटसमोर उभे राहिले. सेकंद वाढत गेले आणि हिरवा आकडा नाहीसा झाला.

"रुसला," नाना म्हणाले.

वायर जोडल्यावर आकडा परत आला. नानांनी फडकं उचललं, खोडरबरकडे पाहिलं आणि परवानगी मिळाल्यावरच काच पुसली.

डॉक्टरबाईंनी अंधार करून एकेक अंडं दिव्यासमोर धरलं. पहिल्यात लाल शिरा दिसल्या. दुसऱ्यातही दिसल्या आणि आत काहीतरी हललं; मंद, पण हललं. तिसरं इतकं भरलं होतं की वरची हवेची जागा सोडली तर उजेड पलीकडे येतच नव्हता.

"कळत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते पुन्हा गोल वर करून ठेवलं. पहिल्या दोघांसारखंच.

संध्याकाळी सहाला फिरवायची वेळ झाली. या वेळी फिरवण्याआधी तिघांनी आत डोकावलं. झाकण उघडताच नानांचा चष्मा धुरकट झाला; त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुसतोय हे दोघांना दिसेल असा पुसला.

पहिलं अंडं गोल वर. दुसरं गोल वर. तिसऱ्यावर फुली होती.

"मी हात लावलेला नाही," नाना आधीच म्हणाले.

"कुणीच लावलेला नाही," खोडरबर म्हणाला. त्याने दुपारचा फोटो फोनवर उघडून पाहिला, मोठा करून पाहिला. तिसऱ्यावर गोल स्पष्ट दिसत होता. "ताई, म्हणजे जिवंत आहे ना? आतून सरकतंय?"

"फुटायला आलेलं पिल्लू सरकून आपल्या सोयीने बसतं. तेव्हा अंडं एका बाजूला जड होतं आणि फिरून येतं."

"म्हणजे आहे!"

"मेलेलंही एका बाजूला जड होतं, अरे."

"फरक कसा कळणार?"

"चोच कवचावर वाजली की. किंवा वाजली नाही की." त्यांनी आणखी वाकून पाहिलं. "आणि सकाळी नानांनी फिरवलं होतं, एवढं मात्र मला आता पटलं."

"मी तेच सांगत होतो," नाना म्हणाले.

"आधीही असंच फिरून येत होतं का?" खोडरबरने विचारलं.

यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस रात्री डॉक्टरबाई आणि सकाळी नाना, हात घालून अंडी फिरवत होते. फिरवण्याआधी वर काय आहे हे कुणी बघितलंच नव्हतं.

पिल्लू सोयीने बसलं असेल तर मोडायला नको म्हणून डॉक्टरबाईंनी तिसरं अंडं फिरवलं नाही. झाकण लावलं. तिघं स्टुलं ओढून पेटीसमोर बसले. कुणी कुणाला घरी जा म्हणालं नाही.

सात वाजता पडद्यावर ३७.५ होतं, मोजमाप नऊ सेकंदांपूर्वीचं. खिडकीतून परतलेल्या थर्मामीटरचा पाराही तेवढाच होता. तिसरं अंडं फुली वर करून जाळीवर होतं. कवचाला कान लावून डॉक्टरबाईंनी तोवर दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा काही ऐकू आलं नव्हतं.