पडद्यासमोरची जागा

"सत्यशीले, एकडाव तरी सिनेमा समोरून पाह्यजो," मरताना उकंडानं बायकोला बजावलं होतं. दारव्ह्याच्या तंबूत त्यांच्या वस्तीला पडद्यामागंच बसवत. तिथून अक्षरं उलटी दिसत. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली, तरी जागा तीच.

काल नायिकेनं अस्पृश्यांना बंद असलेल्या विहिरीचं कुलूप फोडलं, तेव्हा समोर टाळ्यांचा कडकडाट झाला. सुटल्यावर सत्यशीला तंबूवाल्या नीळकंठरावांना हळूच म्हणाली, "भाऊ, उद्या मले समोर बसाचं हाय."

"सिनेमात ठीक हाय, बाई! इथं लोक उठून जातीन."

"कायले? कुलूप फुटलं तवा तेच तर टाळ्या पिटून राह्यलते."

आज पंचशील म्हणून झाल्यावर पांढरं लुगडं नेसून तिनं बसायचं पोतं काखेत घेतलं आणि तंबूची वाट धरली.